दापोडीच्या काकांस, डेन्व्हरहून

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "बरं बरं, काकूंशी बोल" म्हणून सुटका करून घेतलीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप उंच करायच्या नादात असलेली आणखी चार मराठी माणसं या देशात असतीलच. त्यांना तुमच्यासारखे मैत्रिणीचे वडील भेटतीलच असं नाही.

मार्चमधल्या त्या शनिवारी मी तुम्हाला नुसतं चहाला बोलावलं होतं. माझी १९९९ची टोयोटा टॅकोमा दारात उभी आणि टेबलावर सहा इंची लिफ्टचं, म्हणजे गाडी तेवढी उंच करून देण्याचं, कोटेशन. चष्मा लावून तुम्ही ते वाचलंत आणि विचारलंत, "मागे वजन किती टाकतेस?"

मला सांगता येईना. दुकानात हे कुणी विचारलंच नव्हतं. किती उंच हवी आणि टायर केवढे, एवढंच त्यांना हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेवढंच कळत होतं. शेजारच्या गल्लीतली एक उंच गाडी मनात भरली होती, बस.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कामाला लावलंत. तंबू, पाण्याचे कॅन, फ्रीज, हत्यारांची पेटी, मागच्या हौद्यावरचं छत, जे जे डोंगरात नेते ते सगळं भरायला लावून गाडी हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर नेलीत. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून आलेली ती चिठ्ठी अजून माझ्या फ्रीजवर आहे. मागे साधारण १८० किलो जादा, पुढे जवळपास काहीच नाही. "पुढं गाडी ओढायचं विंच नाही, लोखंडी बंपर नाही, मग जड स्प्रिंग कशाला? रिकामी एसटी कशी आपटत जाते, तशी जाशील," असं म्हणालात. मागच्या सीटवर बसून गावाला गेलेल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही.

मग जावयांचं जॅकेट आणि स्वतःची माकडटोपी घालून तुम्ही गाडीखाली शिरलात. आधी हातोडीने चासी ठोकून पाहिलीत. १९९५ ते २००० मधल्या टॅकोमांच्या चासी गंजतात म्हणून कंपनीने २००८ साली कितीतरी गाड्या परत विकत घेतल्या होत्या, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, तुम्ही सवयीनेच ठोकलीत. कोलोरॅडोच्या कोरड्या हवेने माझी चासी वाचली आहे. पण पुढचं चाक जॅकवर घेऊन खालून पहार लावलीत तेव्हा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा गोल सांधा, हलला. दोन लाख मैल झालेत आणि मी तो एकदाही तपासून घेतला नव्हता. या गाडीत तो जॉइंट असा बसवलेला आहे की गाडीचं वजन त्याला दाबत नाही, ओढून बाहेर काढायला बघतं. सुटला की चाक आडवं. तुम्ही ओरडला नाहीत. "आधी हे, उंची मग," एवढंच म्हणालात. ते ओरडण्यापेक्षा लागलं.

सहा इंचांचा नाद मात्र मी तेवढ्यानेही सोडला नव्हता. तो सुटला तुम्ही मागच्या अॅक्सलच्या मधल्या गोळ्यावर, डिफरन्शियलवर, बोट ठेवलंत तेव्हा. स्प्रिंगा उंच केल्या की गाडीचं पोट वर जातं, मागचा अॅक्सल होता तिथेच राहतो. दगडावर आदळतो तो तोच. त्याला वर नेणार फक्त टायर, आणि दोन इंच मोठ्या टायरने तोही एकच इंच वर जाणार. शिवाय ३१ इंची टायरचे ३३ इंची केले की स्पीडोमीटर सहा टक्के कमी दाखवणार आणि चढावर इंजिन धापा टाकणार. इतकी वर्षं गाडी चालवून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं: पुढे अडीच इंच, तेही नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप घालून. वर नुसती चकती घालायची नाही, कारण स्प्रिंग तीच पंचवीस वर्षांची थकलेली राहते. अडीचच्या फार वर गेलं तर पुढच्या अॅक्सलचे सांधे तिरके होऊन त्यांचे रबरी बूट फाटतात. मागे १८० किलोंना झेपेल असा स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांचा पूर्ण नवा संच. पाट्याखाली ठोकळा घालणं स्वस्त होतं, पण जोर लागला की अॅक्सल पिळून पाटे नागमोडी होतात, हे तुम्ही हाताचा पंजा वाकवून दाखवलंत.

आणि ती काडी! मागच्या अॅक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली. गाडी वर गेली की त्या काडीला वाटतं मागे ओझंच नाही, आणि ती मागचे ब्रेक कमी करते. ज्यांनी पाटे बसवले त्यांच्या यादीत ती नव्हती. तुम्ही आदल्या रात्री फोन करून सांगितलंत, म्हणून मी तिचा ब्रॅकेट उंच करून घेतला. सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यावरच कसायचे, हेही मी तिथे उभं राहून करून घेतलं. थोडी कटकटी बाई ठरले, चालेल.

ऑगस्टमध्ये लेक सिटीहून सिनॅमन पास या डोंगरखिंडीवर गेले. १२,६४० फूट, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर. उतरताना अॅनिमस फोर्क्सच्या ओसाड खाणगावात थांबून खाली वाकून पाहिलं. कुठे काही घासलं नव्हतं. उंच गाडीवाला एकजण मात्र वाटेत अॅक्सलचा फाटलेला रबरी बूट घेऊन बसला होता. त्याला पाणी दिलं, शहाणपण दिलं नाही.

पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट आठशे किलोमीटरला पुन्हा कसून घेतले, काळजी नको. जुन्या पाट्यांतला सर्वांत लांब पाटा मी भंगारात दिलेला नाही. एसटीच्या पाट्याचे कोयते तुमच्या गावचा लोहार करायचा असं म्हणाला होतात ना? इथे डेन्व्हरजवळ एक भट्टीवाला सापडलाय. त्याला आकार कसा हवा ते कागदावर काढून पाठवा. मूठ कुठल्या लाकडाची, तेही लिहा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
टॅकोमावाली