सायकलच्या दुकानातल्या काकांना जाहीर पत्र

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

संघाची यादी लागली की प्रशिक्षकांचे सत्कार होतात, आणि ते रास्तच आहे. तुमच्या दुकानाकडे मात्र कुणी हार घेऊन फिरकत नाही. व्हीलचेअर बास्केटबॉल खेळणाऱ्या बाईची कारकीर्द अनेकदा खांद्याच्या दुखण्यापाशी अडते, आणि त्या खांद्यांची निम्मी काळजी तुम्ही घेता.

सगळ्यात मोठे आभार चाकं जुळवून देण्याबद्दल. खेळाच्या खुर्चीची चाकं वरून आत, खालून बाहेर अशी १५ ते २० अंश कललेली असतात. त्यामुळे खुर्ची चटकन वळते आणि धडकेत बोटं चेपत नाहीत. पण सीटची उंची किंवा पुढची छोटी चाकं बदलली, की एक्सलची आडवी नळी किंचित फिरते आणि मोठी चाकं पुढून फाकतात किंवा जवळ येतात. नजरेला काही कळत नाही, खुर्ची नुसती जड लागते. खेळाडूला वाटतं, आपलाच दम कमी पडतोय! तुम्ही खुर्ची सपाट फरशीवर ठेवता, हबच्या उंचीवर दोन्ही रिममधलं अंतर पुढून नि मागून टेपने मोजता, क्लॅम्प सैल करून नळी फिरवता, आणि दोन्ही मापं एक आली की मगच आवळता.

सीटच्या उंचीचंही तसंच. आमच्या खेळात प्रत्येकीला शारीरिक क्षमतेप्रमाणे १.० ते ४.५ गुण ठरवून दिलेले असतात, हालचाल जितकी कमी तितके गुण कमी. गादीसकट ३.० गुणांपर्यंतच्या खेळाडूला जास्तीत जास्त ६३ सेंटीमीटर, ३.५ पासून पुढे ५८. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये जर्मनीचा ध्वज धरणारी, २०१२ चं सुवर्ण आणि २०१६ चं रौप्य मिळवलेली मारायके मिलर ४.५ ची, म्हणजे तिलाही ५८ चीच मर्यादा. टोपली मात्र सगळ्यांना ३.०५ मीटरवर. ५७ वर बसलं तर हातचा एक सेंटीमीटर गेला, आणि नवी गादी जाड निघून ५८.५ झालं तर खुर्ची तपासणीतच अडकली. म्हणून तुम्ही गादी आणल्याशिवाय खुर्चीला हात लावत नाही, ते बरोबरच आहे.

मैदानावरच्या पाच जणींच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाऊन चालत नाही, त्यामुळे १.० वालीशिवाय संघ जमवणं कठीण. तिला कमरेवरचं शरीर सावरता येत नाही, म्हणून तिची सीट मागे उतरती, गुडघे कमरेच्या वर. व्हिडिओतली खुर्ची बघून 'तशीच करा' म्हणणाऱ्यांना तुम्ही परत पाठवलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

बाकी आरे बदलणं, चाकाची आउट काढणं, छोट्या चाकांच्या बेअरिंगमध्ये गुंतलेले केस चिमट्याने ओढून काढणं, हे तर नेहमीचंच. आमच्या वेण्यांवरून बोललात ते मान्य.

फक्त आऱ्यांचे पैसे घेत जा. गुरुवारी दोन खुर्च्या पाठवतोय, गाद्यांसकट.

आपल्या,
संघातल्या सगळ्या