सोसायटीची मीटिंग आणि टेकडी

शुभे,

रागावली असशील तर रागव, पण आधी वाच. तब्येती ठीक, बाबांची शुगर तेवढी खाली-वर.

तर आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. सगळ्यांच्या सह्या लागतात असं तू म्हणायचीस ना, काही नाही लागत, २०१९ पासून ५१ टक्क्यांवर भागतं आणि तेवढे जमलेत. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, म्हणजे पाच धर. भाडं देणारेत, पण त्या भाड्यात कोथरूडात काही मिळत नाही, सगळ्यांच्याच बिल्डिंगी एकदम पाडायला निघाल्यात. अभय म्हणतो तिकडे पिंपरी-चिंचवडकडे रावेतला जाऊ. लिफ्ट, क्लबहाऊस, वॉकिंग ट्रॅक. वॉकिंग ट्रॅक! पार्किंगभोवती पेव्हर ब्लॉकचा गोल, सगळे एकाच दिशेने फिरतात.

नवीन घर नको असं नाही गं, बाथरूमच्या गळतीला मीही विटलेय. पण आई पंचाहत्तरीची, रोज एआरएआयच्या रस्त्याने वेताळ टेकडीवर जाते, वेताळाला नमस्कार करते, खाणीपाशी बसते, तिच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या सुनांचा हिशोब होतो, मग खाली. पुण्यातली सगळ्यात उंच जागा, आठशे मीटर, हे येईल त्या पाहुण्याला अजून सांगते. पाच वर्षांनी आम्ही परत येऊ, पण तेव्हा तिला चढवेल का? आणि टेकडी तरी अशीच राहील हे कुणी सांगावं, टेकडीवरून काढायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचं भूत अधूनमधून डोकं काढतंच.

परवा तिच्याबरोबर गेले होते. सोनसावर फुललीय, अंगावर पान एक नाही आणि टोकाटोकाला ती पिवळीजर्द फुलं, मध्ये केसरांचा गोंडा, एक मधमाशी त्यात अक्षरशः लोळत होती. आईने खाली पडलेलं फूल उचललं आणि पर्सच्या मोबाईलच्या कप्प्यात ठेवलं, मोबाईल माझ्या हातात.

आणि हो, उंदीरमारीही, म्हणजे ग्लिरिसिडिया, गुलाबी झालीय. आपलं भांडण मी विसरलेले नाही. दिसते छान, मान्य. पण वनखात्याने लावली म्हणून ती मेक्सिकोकडची बया आपली होत नाही, तिच्याखाली गवत तरी धड उगवतं का बघ. मी तेव्हा हरले नव्हते, तुला बस पकडायची होती.

अभयला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, आईंना शनिवार-रविवार गाडीने आणत जाऊ. वाकडच्या ट्रॅफिकमधून! तिथे टेकडीपेक्षा सिग्नलच जास्त बघेल ती. तुझं तो ऐकतो, तूच सांग त्याला काहीतरी. आईला विचारलं तर म्हणते माझ्यासाठी अडू नका, सही करून टाका. म्हणजे काय ते तुला कळतं, अभयला नाही कळत, त्याला वाटतं प्रश्न मिटला.

तुझं काय? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? चिनूला दहावीसाठी ऑल द बेस्ट सांग. नागपुरात एव्हाना पंखे लागले असतील.

सही महिनाअखेरपर्यंत द्यायचीय. त्याआधी फोन कर, सकाळी सात ते साडेआठच्या मध्ये, आई वर असते तेव्हा.

तुझी,
मेधा