‘९० दिवस संरक्षण’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,

पृष्ठभागावर एकदा मारला की महिनोन् महिने विषाणू मारत राहणाऱ्या पॉलिमर (म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या) लेपांचा सध्या बराच बोलबाला आहे. ‘९० दिवस संरक्षण’ हा दावा त्यांच्याच लेबलवरचा. माझी हयात रंगांच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे ‘टिकाऊ’ हा शब्द दिसला की मी आधी बारीक अक्षरातला मजकूर वाचतो.

लेपामागचे विज्ञान अस्सल आहे, हे आधीच सांगतो. अल्कोहोल किंवा ब्लीच ओले असेपर्यंतच काम करते. पुढचा हात लागला की पृष्ठभाग पुन्हा दूषित. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांच्या गटाने २००१ मध्ये काचेला धनभारित पॉलिमरच्या साखळ्या कायमच्या जोडल्या, तेव्हा त्या काचेवर पडलेले जिवाणू मेले. २००६ मध्ये त्याच जातकुळीच्या लेपाने इन्फ्लुएन्झाचा विषाणूही निकामी केला. धनभार विषाणूला धरून ठेवतो आणि साखळीचे तेलकट शेपूट त्याच्या मेदाच्या आवरणात घुसते. लेपातून काही झिरपत नसल्याने तो संपायचे कारण नाही.

निदान काचपट्टीवर तरी.

आता चाचणी पाहा. अशा पृष्ठभागांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ २१७०२. त्यात विषाणूचा द्राव नमुन्यावर टाकून वर पातळ फिल्म झाकतात, २५ अंशांवर २४ तास ठेवतात आणि मग किती विषाणू उरले ते मोजतात. म्हणजे अख्खा दिवस ओल! दाराच्या कडीवर पडलेला शिंतोडा काही मिनिटांत सुकतो आणि त्यानंतर लगेच दुसऱ्याचा हात पडतो. शिवाय त्या कडीवर घाम, तेल, धूळ यांचा थर बसत जातो. लेप स्पर्शाने मारणारा, आणि मळामुळे स्पर्शच होत नाही! बरे, मळ काढायला साबण लावावा तर नेहमीचे साबण आणि डिटर्जंट ऋणभारित. ते धनभारित साखळ्यांना चिकटून त्यांची धारच बोथट करतात. ही गोष्ट मी एकाही बाटलीवर वाचलेली नाही.

भिंतीच्या रंगाचा पापुद्रा आम्ही ओल्या ब्रशने शेकडो फेऱ्या घासून बघायचो, तेव्हा कुठे ‘धुता येण्याजोगा’ हा शब्द डब्यावर यायचा. जंतुनाशक लेपाला यापेक्षा सोपी परीक्षा का? आधी घासा, साबणाने पुसा, हाताचा तेलकटपणा लावा आणि मग सुकलेल्या थेंबावर काही मिनिटांत काय होते ते मोजा. आकडाही नीट सांगा. ‘९९.९ टक्के’ म्हणजे दहा लाखांतले हजार शिल्लक. इन्फ्लुएन्झावर चाचणी करून नोरोविषाणूचे नाव छापणे तर सरळ बंद व्हावे, कारण नोरोविषाणूसारखे मेदाचे आवरण नसलेले विषाणू एकंदरीत चिवट असतात.

गरज कुठे आहे, हाही प्रश्न आहेच. कोविडबाबत अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये म्हटले होते की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी आहे. तेव्हा घरच्या टेबलाला असा लेप देणे मला हौसच वाटते. रुग्णालयातील खाटांचे कठडे, नळ आणि उपकरणांची बटणे यांची गोष्ट वेगळी. तिथे दिवसभर हात लागत असतात आणि प्रत्येक हातानंतर पुसणे कोणालाच जमत नाही. संशोधनाचा पैसा तिकडे जावा, आणि घासणी चाचणीचा निकाल दाखवल्याशिवाय लेबलवर दिवसांचा आकडा छापायला नियामकांनी परवानगी देऊ नये.

आपला,
एक निवृत्त रंग-रसायनतज्ज्ञ