थोमा आठ दिवस कुठे होता

प्रिय मित्रा,

सलाम.

तुझा तो मेसेज येऊन अकरा महिने झाले. मी काहीच रिप्लाय केला नाही म्हणून तुला वाटलं असेल मला राग आला. राग नव्हता रे. फोनवर तीन-चार वेळा टाइप केलं आणि खोडलं, कारण तू जे विचारलंस ते दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतंच. आज उपासनेहून आलो, जेवलो, आणि म्हटलं आता बसायचंच. लांबलचक होणारे, सवडीने वाच.

तू लिहिलं होतंस की त्या आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर आपण सतरा रात्री काढल्या, तुमची अख्खी मंडळी प्रार्थना करत होती, पाळकसाहेब रोज येऊन जात होते, आणि तरी काकू गेल्या, मग आता तरी मला सांग तू कशाच्या जोरावर विश्वास ठेवतोस, एक तरी पुरावा दाखव. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मला लागलं असतं. पण तू रोज साडेसातला डबा घेऊन यायचास, आईला रक्त लागलं तेव्हा तूच रांगेत उभा होतास, तुला विचारायचा हक्क आहे.

तर आधी सरळ सांगतो, पुरावा माझ्याकडे नाही. चर्चमध्ये लहानपणी आम्हाला वाऱ्याचा दाखला द्यायचे, वारा दिसत नाही पण असतो ना, तसा देव. मला तो दाखला कधी पटला नाही. वारा मोजता येतो, तू इंजिनिअर आहेस, तू लगेच म्हणशील की मीटर लाव आणि दाखव. देवाला मीटर लागत नाही. आणि मला जे आतून जाणवतं त्यालाही मी पुरावा म्हणणार नाही, कारण आई गेल्यावर जवळजवळ चार महिने मला काहीसुद्धा जाणवत नव्हतं. प्रार्थनेला बसायचो आणि भिंतीकडे बघत असल्यासारखं वाटायचं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुला आत्ता सांगतोय.

तुला आठवत असेल, किमो चालू असताना आमच्या नात्यातले एक जण आले होते, ते म्हणाले ताई विश्वास असेल तर औषधं बंद करा आणि चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या, सभेला चला. आई त्यांना चहा देऊन म्हणाली, "भाऊ, सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर नेलं आणि उडी मार म्हणाला, देव झेलतो की नाही बघू. येशूने मारली का?" बास. ते गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवशी आई किमोला गेली. मला ते उत्तर तेव्हा फक्त हजरजबाबी वाटलं होतं, पण आता मागे वळून बघताना वाटतं की सगळं त्यातच होतं. उडी मारून बघणं म्हणजे देवाकडे पुरावा मागणं. वरून ते विश्वासासारखं दिसतं पण आत संशय असतो, की बघूया तरी झेलतोय का.

आईचा विश्वास कुठून आला ते तुला माहीत नाही, कारण ती ते सहसा बोलायची नाही. ती शेवगाव तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती तेरा वर्षांची होती. आपण ७२ चा दुष्काळ म्हणजे म्हातारी माणसं सांगतात तसा ऐकलाय, तिने खडी फोडलीये. आजी आणि ती दोघी दुष्काळी कामावर जायच्या, कामावर खायला सुकडी मिळायची, आणि घरी मिलोच्या भाकरी, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. आई म्हणायची ती भाकरी गरम असताना कशीबशी जायची, गार झाली की घशाखाली उतरायची नाही. गुरं विकली होती. ज्वारीचं कणीस त्या वर्षी रानात बघायलाही नव्हतं.

आणि त्या वर्षीसुद्धा चर्चमध्ये हंगामाचा सण आला. तुला मी एकदा नेलं होतं बघ, लोक आपल्या शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात, कणसं, भोपळे, कोंबडी, अंडी, मग त्याचा लिलाव होतो आणि तू तो चारशे रुपयांचा नारळ घेतला होतास. तर ७२ ला आणायचं काय? आई सांगायची की बरीच माणसं आलीच नाहीत, लाज वाटली, रिकाम्या हाताने कसं जायचं. आजोबांनी घरातला मिलो एका फडक्यात बांधला, ओंजळभर. रेशनचा. स्वतःच्या रानातला एक दाणा नाही त्यात, लाइनीत उभं राहून आणलेला, आणि घरात खाणारी सात तोंडं. आजी बोलली असणार, का नाही बोलणार. आजोबा ते फडकं घेऊन गेले आणि वेदीपुढे सोडलं आणि जागेवर येऊन बसले.

त्या दिवशी वाचन हबक्कूकचं होतं. जुन्या करारातलं अगदी छोटं पुस्तक, तीन अध्याय. त्याच्या शेवटी तो संदेष्टा जे म्हणतो ते माझ्या भाषेत सांगतो, की अंजिराला फूल आलं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत आणि गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आई म्हणायची की गोठ्यात गुरं नाहीत ही ओळ आली आणि सगळ्या मंडळीत बायका रडायला लागल्या, कारण ते पुस्तकातलं राहिलंच नव्हतं. त्या 'तरी'वर आमचं घर उभं आहे मित्रा. पाऊस पडला म्हणून कुणीही आभार मानेल. आजोबांनी पावसाच्या आधी मानले, आणि पाऊस त्यानंतर लगेच पडला वगैरे काही नाही, पुढचे कितीतरी महिने तसेच गेले.

तू म्हणशील हे हट्टीपण आहे. असेलही थोडं. पण एक गोष्ट बघ, मराठीत आपण म्हणतो विश्वास ठेवला, विश्वास धरला. विश्वास झाला असं म्हणत नाही, तो बसतो तेव्हाही कुणावर तरी बसतो. ठेवणं आणि धरणं ही हाताची कामं आहेत. लहान मूल गर्दीत बापाचं बोट धरतं, त्याला रस्ता दिसत नसतो, सगळीकडे नुसते पाय. त्याने बापाची कुठली परीक्षा घेतलेली नसते. पण ते कुठलंही बोट धरत नाही हेही खरं, अनोळखी माणसाने हात पुढे केला तर रडतं. म्हणजे पुरावा नाही पण ओळख आहे. माझ्याकडे विचारशील तर तेवढंच आहे, ओळख. ती मला वधस्तंभावरच्या येशूत झाली. जो देव स्वतः 'माझा त्याग का केलास' असं ओरडला त्याला आयसीयूचं बाकडं माहीत आहे, एवढं मला कळतं, आणि ते सिद्ध करता येत नाही.

आईच्या बायबलमध्ये इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात लाइट बिलाची पावती घातलेली सापडली. तो अध्याय विश्वासाचा म्हणून प्रसिद्ध आहे, सुरुवातच अशी की आशा धरलेल्या गोष्टींचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींची खातरी म्हणजे विश्वास. भाषणांमध्ये तो नेहमी विजयाच्या यादीसारखा वाचतात, नोहा, अब्राहाम, मोशे, यरीहोची भिंत पडली, सिंहांची तोंडं बंद झाली, बायकांना त्यांचे मेलेले परत मिळाले. आणि तिथेच थांबतात. मला त्याचा खरंच त्रास होतो. कारण त्याच ओळीच्या मधोमध वाक्य वळतं, की दुसऱ्या काहींचे हाल झाले, दगडमार झाली, करवतीने चिरले गेले, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ फिरले. आणि शेवटी लिहिलंय की या सगळ्यांची विश्वासाबद्दल साक्ष होती, तरी जे वचन होतं ते त्यांना मिळालं नाही. दोन्ही एकाच यादीत! वाचलेले वेगळे आणि मेलेले वेगळे असे दोन वर्ग नाहीत तिथे. आईने पेन्सिलीने रेघ ओढली होती ती दुसऱ्या भागाखाली. कधी ओढली माहीत नाही, रिपोर्टच्या आधी की नंतर. त्या पावतीवरची तारीख बघितली, ती पण आठ वर्षं जुनी.

केडगावला आपण एकदा गेलो होतो, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. तू तेव्हा म्हणालास बाई ग्रेट होत्या पण धर्म कशाला बदलला. ते भांडण नंतर करू. मी सांगतोय ते वेगळं. त्यांचं आयुष्य बघ. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले. भाऊ गेला १८८० ला. लग्न झालं आणि दोन वर्षंही पुरी झाली नाहीत तोवर नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात मनोरमा. बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ ला घेतला, म्हणजे विश्वास धरल्यावर सगळं सुरळीत झालं असेल असं वाटतं ना, तर नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी पोरी गोळा करून आणल्या, १९०० पर्यंत केडगावात दीड हजार माणसं झाली होती, उद्या काय खायला घालायचं याची खात्री नसताना. शेवटची बरीच वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करण्यात घातली, खेड्यातल्या बाईला कळेल असं सोपं, आणि छपाईचे खिळे जुळवायला आणि छापायला त्याच पोरी. आणि १९२१ ला मनोरमा गेली. एकुलती एक, चाळिशीतली, जिच्यावर सगळं सोपवायचं होतं. रमाबाई त्यानंतर पण भाषांतराला बसल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, काम हातावेगळं करून. मला रमाबाईंचा विश्वास कुठे दिसतो विचारशील तर दीड हजार माणसांत नाही दिसत, ते तर दिसण्यासारखंच आहे. मनोरमा गेल्यावर त्या परत टेबलाशी बसल्या त्या सकाळी दिसतो. पोरगी गेली आणि समोर कागद, आणि त्यावर देवाचीच वाक्यं.

आता थोमाचं, कारण तू मेसेजमध्ये शेवटी लिहिलं होतंस की मी तुमचा तो संशयी थोमा समज. मला ते वाचून बरं वाटलं, तुला वाटलं असेल त्यापेक्षा जास्त. येशूच्या बारा शिष्यांतला हा एक, आणि लोक त्याच्यावर अन्याय करतात. येशू यहूदीयाला परत निघाला तेव्हा जिवाला धोका होता, आणि चला आपणही जाऊ त्याच्याबरोबर मरायला, असं बोलणारा हाच माणूस. जिथे जातोयस ते ठिकाण आम्हाला माहीत नाही तर वाट कशी कळणार, असं सगळ्यांदेखत विचारणारा पण हाच, बाकीचे कळल्यासारखं करून बसले असतील. मग पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशू मरणातून उठला त्या, संध्याकाळी शिष्य जमले होते तेव्हा तो खोलीत नव्हता. का नव्हता लिहिलेलं नाही. बाकीच्यांनी सांगितलं आम्ही प्रभूला पाहिलं, तर तो म्हणाला खिळ्यांचे व्रण बघून त्यात बोट घातल्याशिवाय आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. व्रणच मागितले त्याने हे लक्षात घे. तेज नाही मागितलं, चमत्कार नाही.

आणि मग योहान त्याच्या शुभवर्तमानात लिहितो, आठ दिवसांनी शिष्य पुन्हा आत होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता.

या आठ दिवसांवर मी कधी भाषण ऐकलेलं नाही. ते आठ दिवस काय झालं असेल? दहा जण आनंदात, आणि एकटा याला पटत नाही. ते म्हणू शकले असते तुझा विश्वास नाही तर तू बाहेर. तो म्हणू शकला असता तुम्ही सगळे वेडे झालात, मी चाललो. कुणीच तसं केलं नाही. एकाच घरात, एकाच ताटाला, एक जण नाही म्हणतोय आणि बाकीचे हो म्हणतायत. येशू आला तेव्हा थोमा तिथे सापडला कारण तो निघून गेला नव्हता. येशू त्याला रागावला पण नाही, हे घे बोट, हा हात, असंच म्हणाला. थोमाने बोट घातलं की नाही तेही लिहिलेलं नाही, मला वाटतं नाही घातलं, तो फक्त म्हणाला माझा प्रभू आणि माझा देव. आणि त्यानंतर येशूचं ते वाक्य, की न पाहता विश्वास ठेवणारे धन्य. ते आपल्यासारख्यांसाठीच आहे, पुढे येणाऱ्या सगळ्यांसाठी, ज्यांना ती खोली मिळणार नाही. आजोबांसाठी, फडकं घेऊन निघालेल्या.

ते चार महिने मला काही जाणवत नव्हतं म्हटलं ना, तेव्हा मीही रविवारी जाऊन बसायचो. गाणं माझ्या तोंडून निघायचं नाही. शेजारच्या बाकावरची म्हातारी माणसं गायची, 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली तीच जुनी गाणी, आणि मी नुसतं पुस्तक धरून उभा राहायचो. माझ्या वाट्याचा विश्वास तेव्हा तेच करत होते असं मला आता वाटतं. कधी परत आलं नक्की सांगता येत नाही. एका रविवारी दुसऱ्या कडव्याला लक्षात आलं की मी गातोय.

तुला माझ्यासारखं मान असं मी म्हणणार नाही. तू नाही म्हणत राहा, जोवर नाही वाटतंय तोवर, खोटं हो म्हणू नकोस. फक्त जाऊ नकोस रे. या अकरा महिन्यात आपण बोललो नाही त्यात माझी चूक जास्त, मी कळवायला हवं होतं.

हंगामाचा सण पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. यंदा आमच्या मामाकडे ज्वारी चांगली आलीये, मी कणसं नेणारे आणि त्याबरोबर ओंजळभर रेशनची ज्वारी, आजोबांची म्हणून, दरवर्षी आई न्यायची, यंदा पहिल्यांदा मला न्यायचीये. तू आलास तर बरं वाटेल. शनिवारी रात्रीच ये, मुक्कामाला. आणि तुझा तो तीन पुडांचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे, शेवटच्या दिवशी परत द्यायचा राहिला, मी घासून ओट्यावर ठेवलाय.

तुझा,
नगरहून