तो फोटो १९१७ चा नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जर्मन 'वोल्फ' जहाजावरचा लेख वाचला, १९१७ च्या फेब्रुवारीत मुंबईसमोरच्या समुद्रात सुरुंग पेरून गेलेलं जहाज, आणि त्याच सुरुंगाने जूनमध्ये पी अँड ओ कंपनीची 'मंगोलिया' बोट बुडाली. हे सगळं कुणीतरी मराठीत लिहिलं याचा खूप आनंद झाला. पण सोबत छापलेल्या फोटोखाली 'वोल्फवरचं विमान' असं लिहिलंय ना, ते चूक आहे. ते अराडो १९६ आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं, ग्राफ श्पे आणि बिस्मार्क या जर्मन युद्धनौकांवर असायचं ते.

दोन्ही विमानांच्या पायाखाली पाण्यावर तरंगायला नावेसारखे दोन लांब फ्लोट आहेत म्हणून घोटाळा होतो, माणूस फ्लोट बघतो आणि तिथंच थांबतो, पण खरं बघायचं ते वर. तुमच्या फोटोत पंखांची एकच जोडी आहे, तीही खालून लावलेली, डोक्यावर काचेचं छप्पर आणि नाक डब्यासारखं गोल, कारण आत नऊ सिलिंडर गोलाकार बसवलेलं बीएमडब्ल्यू इंजिन. वोल्फवरचं विमान होतं फ्रीडरिक्सहाफेन एफएफ ३३, खलाशी त्याला लाडाने 'व्योल्फशेन' म्हणायचे, म्हणजे लांडग्याचं पिल्लू. त्याला एकावर एक दोन पंख, मधे खांब आणि तारांचं जाळं, दोघं जण उघड्यावर बसलेले, आणि पुढे सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं १५० हॉर्सपॉवरचं बेन्झ इंजिन. या एवढ्याशा विमानाने न्यूझीलंडच्या 'वायरुना' बोटीवर वरून चिठ्ठी टाकली, वायरलेस वापरू नका म्हणून, आणि पुढे पाण्यात बॉम्ब टाकून तिला थांबवलं! ४५१ दिवसांच्या त्या सफरीत ते विमान म्हणजे जहाजाचे डोळे होते, म्हणून त्याच्या जागी दुसऱ्याचाच फोटो बघून फार वाईट वाटलं.

अजून एक, फोटोतली शेपूट तुम्ही क्रॉप केलीय. प्लीज असं करू नका, जुन्या विमानाची अर्धी ओळख शेपटीत असते. शेपटीवर नाझींचं स्वस्तिक दिसलं की १९१७ चा प्रश्नच मिटतो. पहिल्या युद्धातल्या फोटोंत जर्मन विमानावर रंगवलेला क्रॉस बघायचा, टोकांकडे रुंद होत जाणारा असेल तर साधारण १९१८ च्या वसंताआधीचा, सरळ पट्ट्यांचा असेल तर नंतरचा. हान्सा-ब्रांडेनबुर्ग डब्ल्यू १२ हे त्याच युद्धातलं जर्मन फ्लोटवालं विमान तर शेपटीवरूनच ओळखू येतं, त्याचं सुकाणू वर नसून खाली लोंबतं, कारण मागच्या मशीनगनवाल्याला मोकळा मारा करता यावा. ते विमान आखणाऱ्या हायन्केलची ही डोकॅलिटी मला अजून भारी वाटते. आणि त्या काळी नौदलाचा नंबर विमानाच्या कुशीवर मोठ्या आकड्यांत रंगवलेला असायचा, तो वाचता आला तर नुसत्या अंदाजाची गरजच राहत नाही, पण आकडे उलटे दिसले तर निगेटिव्ह उलटी छापलीय हे आधी समजून घ्यायचं.

येत्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि मूळ फोटो मिळाला तर न कापता छापा, मागे पेन्सिलने काही लिहिलेलं असेल तर तेही. शाळेतली पोरं ही कात्रणं प्रोजेक्टच्या वहीत चिकटवतात.

आपला नियमित वाचक,
अलिबाग