झोपाळ्याला तेल घालू नका

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या नातीच्या, मनूच्या गाण्यांचा विषय काढला की बाबा "हं, आईला देतो" म्हणतात आणि फोन आईकडे जातो, मग आपण पापड-कुरडयांवर बोलत बसतो, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. आई, मोठं झालंय, दुपारी निवांत वाचून दाखव बाबांना, मधले परिच्छेद गाळू नकोस.

मे महिन्यात आलो होतो तेव्हा जेवताना मनूने फोनवर बिली आयलिश या अमेरिकन गायिकेचं गाणं लावलं होतं, आठवतंय ना. बाबा, तुम्ही आमरसाची वाटी खाली ठेवलीत आणि म्हणालात, ही काय झोपेत पुटपुटतेय का, आवाजच नाहीये हिला, हल्ली गळ्याने गातंय कोण, सगळं मशीन गातं. मनू काहीच बोलली नाही. गाणं बंद केलं, पोळी संपवली, ताट उचलून आत गेली. त्यानंतर चार दिवस तिने घरात गाणं लावलं नाही, कानात इयरफोन घालून गच्चीत बसायची. तुमच्या लक्षात आलं नसेल कदाचित, माझ्या आलं, आणि मला ते फार लागलं, कारण तुमच्या दोघांचं गाण्यावरचं प्रेम एकाच जातीचं आहे आणि तेच तुम्हाला एकमेकांचं दिसत नाहीये.

बाबा, तुम्हाला तलत महमूद आवडतो. माझं सगळं लहानपण तलतवर गेलंय, रविवारी सकाळी टेपरेकॉर्डर, तुमची दाढी आणि तलत. मला हे पण तुम्हीच सांगितलंय की तलत मुंबईत आला तेव्हा त्याच्या आवाजातला कंप लोकांना दोष वाटायचा, गाताना घाबरतो म्हणायचे, आणि संगीतकार अनिल विश्वासांनी त्याला सांगितलं की हा कंपच तुझा आहे, तो घालवू नकोस. मग १९५० साली त्याच्या गाण्याचा आरजू सिनेमा आला आणि पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. आता सांगा, तलतसारखं हळू, कानाशी बोलल्यासारखं गाणं मायक्रोफोन नसता तर जमलं असतं का? जुन्या नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावाच लागायचा, माईक आला म्हणून हळू गाणाऱ्याला जागा मिळाली. ही बिली तेच करते हो. माईकच्या अगदी जवळ जाऊन हळू गाते, श्वाससुद्धा ऐकू येतो. ती तलत आहे असं मी म्हणत नाहीये, पण जी तक्रार तुम्ही केलीत तीच एके काळी तलतबद्दल होती, एवढं मात्र खरं.

आणि तुम्हाला तिची गोष्ट तरी कुठे माहितीये. २०१९ चा तिचा पहिला अल्बम तिने आणि तिच्या भावाने, फिनियसने, आईवडिलांच्या लॉस एंजेलिसमधल्या छोट्याशा घरात, भावाच्या बेडरूममध्ये केला. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या ग्रॅमी या संगीत पुरस्कारांत चारही मुख्य बक्षिसं तिला, तेव्हा ती १८ वर्षांची. त्या अल्बममध्ये एका गाण्यात दातांच्या डॉक्टरकडच्या ड्रिलचा आवाज आहे, एकात सिडनीतल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलची टकटक आहे, म्हणजे कानावर पडेल ते ही भावंडं रेकॉर्ड करून ठेवतात आणि त्यातून ताल काढतात. हे मला मनूने सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा झाला होता जसा तुमचा संगीतकार सलील चौधरींबद्दल बोलताना होतो.

आई, आता तुझ्यासाठी. तू म्हणालीस ती अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट म्हणजे नुसता झगमगाट. तिची सगळी गाणी मलाही आवडत नाहीत, बरीचशी सारखीच वाटतात. पण तुझ्या लताबाईंनी कशासाठी भांडण केलं होतं ते आठव. १९४९ ला महल सिनेमा आला तेव्हा रेकॉर्डवर गाणारीचं नाव कामिनी छापलं होतं, सिनेमातल्या पात्राचं! ऐकणारे विचारायला लागले तेव्हा खरं नाव कळलं. पुढे गायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे म्हणून त्या अडून बसल्या, रफीसाहेबांचं म्हणणं पडलं की एकदा पैसे मिळाले की आपला हक्क संपला, त्यावरून काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. हे तू मला किती अभिमानाने सांगायचीस. टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मूळ रेकॉर्डिंगचे हक्क २०१९ मध्ये परस्पर विकले गेले, तर तिने २०२१ पासून त्यातले चार अल्बम पहिल्यापासून पुन्हा गाऊन काढले, लोकांनी नवीनच ऐकायला घेतले, आणि २०२५ च्या मे महिन्यात जुने हक्कही तिने विकत घेतले. तुला हे आवडेल असं मला मनापासून वाटतं, गाणी नाही आवडली तरी चालेल.

बाबा, तुमचं जिथे बरोबर आहे तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. ऑटोट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं, अँडी हिल्डेब्रँड नावाच्या माणसाने काढलं, तो आधी जमिनीखालचं तेल शोधायला ध्वनिलहरींचं गणित करायचा, तेच गणित त्याने सुराला लावलं. बेसूर गाणाऱ्याला सुरात आणून बसवतात हे खरंच आहे आणि त्याने आवाजातली माती निघून जाते. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की गाणं मोजलं जातं, म्हणून पहिल्याच क्षणी गायला सुरुवात, आपल्या गाण्यांसारखी सुरुवातीची व्हायोलिन, सतार आता कोण ठेवतंय? मलाही ते खुपतं. आणि जुन्या गाण्यांच्या रिमिक्सबद्दल तुम्ही जे बोलता त्यातला शब्दन्‌शब्द मान्य. पण मशीनच्या मापाने गाणं कापलं जातं हे आजचं नाही ना, ७८ च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, आणि शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची जी रेकॉर्डं ऐकताना तुम्ही डोळे मिटता ती त्याच मापातली आहेत.

आजोबा आठवा बाबा. आजोबांना बालगंधर्वांपुढे कोणी नव्हतं, सिनेमाचं गाणं थिल्लर. आकाशवाणीचंही पन्नासच्या दशकात तेच मत होतं, केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच केली होती, म्हणून तर लोक रेडिओ सिलोनकडे वळले. तुम्ही बुधवारी रात्री आठला पंचवटीतल्या वाड्यात खालच्या बिऱ्हाडाच्या खिडकीखाली उभं राहून सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकायचात कारण वर आजोबा लावू द्यायचे नाहीत. ही गोष्ट मला शंभर वेळा सांगितलीत आणि दर वेळी शेवटी म्हणता, अण्णांनी एकदा तरी माझ्याबरोबर बसून ऐकायला हवं होतं.

मनूला पण तेवढंच हवंय. गेल्या दिवाळीत ती तुमच्यासाठी पहाटे साडेचारला उठून पिंपळपारावर पाडवा पहाटेच्या मैफलीला आली होती, राग कुठला ते तिला कळत नव्हतं, थंडी वाजत होती, तरी शेवटपर्यंत हलली नाही, तुमच्या शालीचं एक टोक ओढून बसली होती. तुम्ही तिला मध्येच हळूच सांगितलंत की आता बघ हा कोमल रिषभ येईल, आणि तो आला तेव्हा तिने तुमचा हात दाबला. हे तुम्हीच मला घरी आल्यावर सांगितलंत. मग तिचंही एक गाणं तसंच ऐका ना. एकच. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून, एक बाजू तिच्या कानात, एक तुमच्या. नाही आवडलं तर तिला सांगा, पण काय नाही आवडलं ते सांगा, चाल, शब्द, आवाज, काहीही, ती ऐकून घेईल. तिला वाईट नावडल्याचं नाही वाटलं, न ऐकताच निकाल दिलात त्याचं वाटलं.

अजून एक, हे तिने मला सांगू नको म्हटलंय पण सांगतेच. ती पण गाणं करतेय. गोधडीखाली फोन घेऊन रेकॉर्ड करते. त्या चार दिवसांत गच्चीत नुसती बसलेली नव्हती, खाली येऊन तुमच्या झोपाळ्याच्या कड्यांची करकर रेकॉर्ड करून गेली, तुम्ही दुपारी पेपर वाचत झोके घेत होतात तेव्हा, आणि तोच तिच्या गाण्याचा ताल आहे. मी ऐकलंय, मध्ये एकदा पेपरचं पान उलटल्याचा आवाजही येतो. अजून एक कडवं राहिलंय आणि तिला तो आवाज पुन्हा लागणारे, दिवाळीत घेईन म्हणतेय.

त्यामुळे बाबा, काल फोनवर म्हणालात ना की झोपाळा फार वाजतो, रविवारी तेल घालतो, ते एवढ्यात घालू नका. आम्ही येईपर्यंत तरी नको.

तुमची,
चिऊ