चिप्सच्या पेटीतील एका फितीबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपण तयार करून दिलेल्या पेटीत आमच्या पोकरच्या, म्हणजे पत्त्यांच्या त्या खेळात पैशांऐवजी वापरायच्या गोल चकत्यांसारख्या, पाचशे चिप्स आता अशा बसल्या आहेत की पेटी उचलून जिना उतरतानाही आतून कसलाच आवाज येत नाही. फोनवर मी आभार मानू लागले, तेव्हा “त्यात काय विशेष, कामच आहे माझे” एवढे बोलून आपण विषय संपवलात. माझे समाधान मात्र तेवढ्याने झालेले नाही. आपण जे केलेत ते विशेषच होते, आणि ते का विशेष होते हे चारचौघांसमोर सांगावे असे वाटले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

ज्यांनी पोकरच्या चिप्स कधी एका घरातून दुसऱ्या घरी नेल्या नाहीत, त्यांना आमची अडचण क्षुल्लक वाटेल. आमच्या चिप्स सिरॅमिक प्रकारच्या आहेत. व्यास ३९ मिमी, जाडी सुमारे ३.३ मिमी. त्यांच्यासाठी घेतलेल्या तयार पेटीत पन्नास-पन्नास चिप्सच्या ओळी होत्या, पण त्या ३.५ मिमी जाडीच्या चिप्स धरून कापलेल्या होत्या. एका चिपमागचा ०.२ मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पन्नास चिप्सच्या ओळीत तोच १० मिमी होतो, म्हणजे तीन चिप्सची जागा मोकळी राहते. एक चिप साधारण १० ग्रॅमची, म्हणजे एक ओळ अर्ध्या किलोची. पेटी मुठीला धरून चालू लागले की ही अर्ध्या किलोची ओळ त्या मोकळ्या जागेत पावलागणिक मागे-पुढे आपटत असे. सिरॅमिक चिपची छपाई दोन्ही तोंडांप्रमाणे कडेवरही असते, आणि घासली जाते ती आधी कडाच. आमच्या चिप्सच्या कडांवरील पट्टे फिके होऊ लागले होते आणि ते पाहून मला फार वाईट वाटत होते.

आपल्याकडे येण्याआधी ज्यांच्याकडे गेले, त्यांच्याविषयीही लिहिलेच पाहिजे. पेटी विकणाऱ्याने “सगळ्याच पेट्या वाजतात” असे सांगून मला वाटेला लावले. दुसऱ्या एकाने नवा फोम बसवून देण्याचे कबूल केले, पण माझ्या चिप्सना हातही न लावता ठरीव मापाने खाचा कापल्या. त्या इतक्या आवळ झाल्या की ओळीतील पहिली चिप बोटांनी निघेना. शिवाय तो साधा पॉलियुरेथेन फोम दमट हवेत चिकट होऊन कुसकरू लागला आणि त्याची भुकटी चिप्सना लागली. तिसऱ्याने सल्ला दिला की प्रत्येक ओळीत कुठल्याही रंगाच्या तीन जादा चिप्स कोंबाव्यात. या सल्ल्याचा मला सर्वाधिक राग आला. ओळ नेमकी भरलेली असणे हीच चिप्सची मोजदाद असते. खेळ संपल्यावर चिप्स रंगवार लावल्या आणि एका ओळीत फट दिसली, तर एक चिप टेबलाखाली किंवा कुणाच्या खिशात राहिली आहे हे मोजल्याशिवाय कळते. त्या ओळीत भलत्याच चिप्स भरल्या, तर पेटीचा निम्मा उपयोगच संपतो.

आपण मात्र पहिल्याच भेटीत पेटी बाजूला ठेवलीत आणि चिप्स मागितल्या. दहा-दहा चिप्सच्या थप्प्या वेगवेगळ्या रंगांतून उचलून आपण कॅलिपरने मोजल्या, कारण एकाच संचातील दोन रंगांच्या जाडीतही किंचित फरक असू शकतो हे आपल्याला ठाऊक होते. पुढे आपण कोणता फोम निवडलात, ओळींची दिशा मुठीच्या मानाने कशी ठेवलीत, झाकणाला आतून किती जाडीची गादी लावलीत, हे सारे आपल्या हातचे काम आहे आणि त्याचे वर्णन मी करू जाणे योग्य नाही. पाणी न शोषणारा पॉलिएथिलीन फोम आहे आणि वरून पातळ फेल्ट आहे, एवढे मला दिसते आणि तेवढ्याने मी निश्चिंत आहे.

मला लिहायचे आहे ते आपण विचारलेल्या एका प्रश्नाविषयी. मापे लिहून झाल्यावर आपण पेन खाली ठेवलात आणि विचारलेत, “पेटीतून चिप्स बाहेर काढतं कोण?”

हा प्रश्न मला त्याआधी कोणीही विचारला नव्हता. मी सांगितले की आमच्या खेळाची बँक आई सांभाळते. सुरुवातीला सर्वांना चिप्स वाटणे आणि शेवटी परत घेऊन लावणे, ही तिची हक्काची कामे आहेत. तिच्या बोटांच्या सांध्यांना संधिवात आहे हेही मी ओघात बोलून गेले. आपण त्यावर सहानुभूतीचे दोन शब्दसुद्धा बोलला नाहीत. नुसती मान हलवलीत.

पेटी हाती आली तेव्हा प्रत्येक ओळीच्या टोकाशी फेल्टने मढवलेली एक छोटी उशी आणि तिला शिवलेली रुंद फीत दिसली. फीत ओढली की उशी अलगद वर येते, ओळीच्या टोकाला बोटभर जागा होते आणि घट्ट बसलेली अख्खी ओळ सैल पडते. चिप्स घट्ट बसाव्यात आणि तरीही सहज निघाव्यात, या दोन गोष्टींचे एकमेकींशी वैर आहे. घट्टपणा वाढवला की काढणे अवघड होते आणि काढणे सोपे केले की चिप्स वाजू लागतात. आपण त्या फितीने दोन्ही साधलेत. फीतही नेहमीची अरुंद नाही, चांगली दोन बोटे रुंद आहे, आणि तिच्या टोकाला गाठीऐवजी कापडाची जाड घडी शिवलेली आहे, कारण दुखऱ्या बोटांना चिमटीत धरण्यापेक्षा मुठीत धरणे सोपे जाते. हे मी सांगितले नव्हते. आईनेही सांगितले नव्हते. आपण ते कुठेतरी पाहिले असेल किंवा स्वतःच विचार करून ओळखले असेल. आईने पहिल्यांदा फीत ओढली, पंचवीस चिप्स एका हाताने उचलल्या आणि कोणाचीही मदत न मागता सर्वांसमोर मांडल्या. गेले काही महिने ती हे काम आपण होऊन भावाकडे सोपवू लागली होती, आणि ते तिला किती लागत होते हे मला त्या दिवशी कळले.

चांगुलपणा म्हटला की मोठा त्याग किंवा मोठी देणगी डोळ्यांसमोर येते. मला तो आपल्या त्या प्रश्नात दिसला. वस्तूचे माप घेणारे पुष्कळ भेटतात. ती वस्तू ज्याच्या हातात जाणार आहे त्या हाताची चौकशी करणारा माणूस क्वचित भेटतो. आपण त्या फितीचे वेगळे पैसेही लावले नाहीत. बिलात तिचा उल्लेखच नव्हता, म्हणून तो मी इथे करत आहे.

आणखी एक विनंती आहे. आमच्या खेळातील एका स्नेह्यांकडे ४३ मिमी व्यासाच्या मोठ्या चिप्स आहेत आणि त्या सध्या कापडी पिशवीत पडून असतात. आपली पेटी पाहिल्यापासून ते आपला पत्ता मागत आहेत. आपली हरकत नसेल तर मी तो त्यांना देईन. सर्व रंगांच्या चिप्स सोबत न्या आणि पेटी हाताळणाऱ्या आपल्या पत्नीलाही बरोबर न्या, असे मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे.

आईने आपल्याला नमस्कार सांगितला आहे. कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
पेटीवाल्या आईची मुलगी